रूम नंबर सातचे शिरसाट

नौपाडा, ठाणे
४ जुलै २०२५

दीप्तीताई,

मी एक काम केलंय, जे करायला नको होतं. करून झालं, यादी पण पुढे गेली, आता मागे घेता येत नाही.

तुझे पप्पा आणि माझे पप्पा मी एका रूममध्ये टाकलेत. पंधरा दिवस. आफ्रिकेत.

मी राजरत्न. राज्या. आंबिवलीचा, तुझा सख्खा चुलत भाऊ. चौदा वर्षांत आपण बोललो नाही म्हणून आठवण करून दिली. नागपूरचा पत्ता कुठून मिळाला विचारशील. चोरला. काकांच्या बुकिंग फॉर्मवर इमर्जन्सीसाठी तुझं नाव आहे. मला तो फॉर्म बघायची परवानगी आहे, पत्ता उतरवून घ्यायची नाही. नंबर पण होता, पण फोन नको वाटला. फोनवर माझ्यावर कुणी विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे.

तर झालं असं. मी नौपाड्यात एका टूर कंपनीत आहे. दोन वर्षं झाली. बारावीत दोनदा आपटलो, पण माणसं सांभाळता येतात म्हणून घेतलं. टूरबरोबर मदतीला जातो, रूमची यादी पण मीच बनवतो. जोडप्यांचं सोपं असतं. एकट्या आलेल्या माणसाला दुसरा एकटा जोडून द्यावा लागतो. घोरणाऱ्याला घोरणारा, पहाटे उठणाऱ्याला पहाटे उठणारा. ह्यात माझा हात कोण धरत नाही.

मे महिन्यात डोंबिवलीच्या ब्रँचमधून नामिबियाच्या टूरला एक नाव आलं. रतन शिरसाट, वय अठ्ठावन्न, एकटे. काकूंचे गुडघे धरलेत म्हणून त्या येत नाहीत. त्याच आठवड्यात कंपनीने मला घरच्या एका माणसासाठी सवलतीची सीट दिली. आई बोलली, मी जमिनीवर आहे तेवढी बरी आहे. पप्पांना मी विचारलं, खुल्यावर फिरणारे हत्ती बघायचेत का. ते पेपर वाचत होते. पेपरमागून हो बोलले.

दर्शना मॅडम आमच्या टूर मॅनेजर. यादी बघून बोलल्या, "शिरसाट-शिरसाट? नात्यातले?"

"सख्खे भाऊ, मॅडम."

"मग विचारायचं काय त्यात? टाक एकत्र."

मी एक शब्द खोटा बोललो नाही.

आजी गेली तेव्हापासून दोघं का बोलत नाहीत ते तुला तुमच्या बाजूने माहीत असेल. आमच्या बाजूने असं आहे की पप्पांनी फोन करायला लावला, काका 'येतो' बोलले आणि आले नाहीत. तुमच्या बाजूने, फोन आलाच नाही. म्हणजे दोघांतला एक खोटा. कोण, एवढ्या एका गोष्टीवर चौदा वर्षं गेली आणि तुझं लग्न पण.

लग्नाला मी आलेलो. कल्याणच्या हॉलवर, केटररच्या पोरांत घुसून. बुद्धवंदना चालू होती तेव्हा मागे उभा होतो. नंतर गुलाबजाम वाढले. तुझ्या नवऱ्याला तीन दिले.

राज्या


विंडहोक
१२ जुलै

ताई,

विमानतळावर दोघं समोरासमोर आले. दोघांच्या डोक्यावर कंपनीची भगवी टोपी, गळ्यात नावाचा बिल्ला. एकमेकांचा बिल्ला वाचला. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी बॅगा मोजत होतो.

पप्पा मला कोपऱ्यात घेऊन बोलले, "हे तू केलंस."

"कंपनीने केलं. आडनाव बघून जोडतात."

"कंपनीला सांग, मला दुसरा माणूस दे."

दहा मिनिटांनी काका आले. चौदा वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते असं, "ओ शिरसाट, मला रूम बदलून पाहिजे."

मी दोघांना मॅडमकडे पाठवलं. मॅडम बोलल्या, एकपण रूम शिल्लक नाही, सीझन आहे, आणि सख्ख्या भावाबरोबर राहायला काय होतं? बाहेरच्या माणसाला कारण सांगायला दोघांना लाज वाटली. मी त्याच भरवशावर होतो.

आमच्याकडे बसमध्ये रोज सीट बदलतात, पुढचे मागे, मागचे पुढे, म्हणजे खिडकीवरून भांडणं होत नाहीत. पण रूम पार्टनर एकत्रच बसतात. म्हणजे रात्री पण तेच, दिवसा पण तेच. काका खिडकीतून बाहेर बघतात, पप्पा पुढच्या सीटच्या जाळीतलं मासिक वाचतात. ते जर्मनमध्ये आहे.

विंडहोक शहर स्वच्छ आहे. रस्ते रिकामे. एक चर्च आहे, केकसारखं. नौपाड्याच्या लिमये मॅडम, रिटायर मुख्याध्यापिका, त्या बोलल्या, "आपल्याकडे एवढ्या जागेत दोन नगरसेवक निवडून येतात." ह्या लिमये मॅडम नाश्त्याला पप्पांना आणि काकांना गाठून बोलल्या, "तुम्ही दोघं सख्खे भाऊ ना? ह्या वयात एकत्र फिरता, किती छान वाटतं बघून!"

पप्पा बोलले, "हो."

काका बोलले, "पोहे घ्या मॅडम, संपतील."

आपला कुक बरोबर असतो, पोहे करतो. आफ्रिकेत येऊन माणसं पोह्यांसाठी लाइन लावतात, मला आता काही वाटत नाही.

रूममध्ये काय चालतं ते मी चादर देण्याच्या निमित्ताने बघून आलो. मधे बेडसाइड टेबल ओढून ठेवलंय. पप्पा मला बोलले, "त्यांना विचार, गीझर बंद करायचा का."

काका माझ्याकडे बघून बोलले, "सांग, माझं झालं."

दोघांत चार फूट अंतर होतं.

राज्या


सेसरीम, वाळवंटात
१५ जुलै

ताई,

इथली वाळू लाल आहे. विटांचा चुरा असतो तशी. टेकड्या एवढ्या की खालून माणूस जिऱ्यासारखा दिसतो. सकाळी कडाक्याची थंडी, अकराला टाळू तापते. बायका साडीवर स्वेटर, स्वेटरवर शाल, त्यावर टोपी घालून फोटो काढतात.

एका टेकडीवर सगळ्यांना चढवतात. धारेवरून चालायचं, दोन पावलं वर, एक खाली. मी मागे, कोण बसलं तर उचलायला. पप्पा बासष्टचे. मधे थांबले, खाली बसले, बूट काढून वाळू ओतली. परत घालायला वाकता येईना. मी खाली होतो, तीसेक पावलांवर.

काका वरून उतरत होते. त्यांनी थांबून बघितलं. मग वाकून पप्पांचे दोन्ही बूट उचलले, लेसला लेस बांधून गळ्यात अडकवले आणि वर चालायला लागले. पप्पा अनवाणी मागून गेले. वर पोचल्यावर काकांनी बूट वाळूत ठेवले आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

तू हसशील, पण मला वाटलं काम झालं. संध्याकाळी जेवताना मी मुद्दाम दोघांच्या मधे बसलो आणि आजीचा विषय काढला. बोललो, आजीला आणलं असतं तर वाळू बघून बोलली असती, एवढी मसूर निवडायला किती दिवस लागतील.

काका हसले. खरं सांगतो, हसले. मग पप्पा ताटात बघत बोलले, "ज्याची वाट बघत गेली त्याने हसू नये."

काकांनी ताट सरकवलं. "मला कोणी बोलावलं असतं तर आलो असतो."

"पोराने फोन केला होता. हे बसलंय समोर, विचार त्याला."

"पोराच्या तोंडात तू घातलंस तेच पोर बोलणार. त्याला कशाला विचारू?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी बोललो, गुलाबजाम आणतो. त्या दिवशी गुलाबजाम नव्हते, शिरा होता.

दुसऱ्या दिवशी मेलेल्या झाडांचं ठिकाण बघितलं. पांढरी जमीन, त्यात काळी झाडं, शेकडो वर्षं वाळून उभी आहेत, कुजत पण नाहीत. पाऊस नाही ना. गाइड सांगत होता, मी मराठीत सांगत होतो.

राज्या


स्वाकोपमुंड
१८ जुलै

ताई,

हे समुद्रावरचं गाव. सगळं जर्मन, घरं बिस्किटाच्या डब्यासारखी, आणि धुकं. काल जवळच फ्लेमिंगो दाखवले. ग्रुपमधल्या एकाने सांगितलं, हे तर आपल्या ठाण्याच्या खाडीत पण येतात, फुकट. अर्धा तास त्यावर चर्चा झाली.

पण मी वेगळ्या कारणासाठी लिहितोय. आज सकाळी माझ्याकडून गडबड झालीय.

आमच्यात सकाळी रूमना फोन लावून माणसं उठवायचं काम माझं. हॉटेलवाल्यांवर सोडत नाही. ते इंग्लिशमध्ये उठवतात आणि आपली माणसं थँक्यू बोलून परत झोपतात. मी आवाज काढून उठवतो. लिमये मॅडमना सिंह बनून, कुणाला निवडणुकीचा भोंगा बनून. माणसं खूश असतात. यादीत रूम सात ह्या दोघांची. तिथे पप्पा उचलतात, म्हणून साधं बोलतो, पप्पा, उठा.

आज पप्पा आंघोळीला होते. काकांनी उचलला. "हॅलो, कोण?" असं बोलले. तो हॅलो चौदा वर्षं जुना होता ताई, तसाच्या तसा. माझं तोंड आपोआप चाललं. नाकातून आवाज काढून मी बोललो, "पाणी खात्यातून बोलतोय. नळाला पाणी येतंय का?"

तिकडे काहीच नाही.

"येतंय? मग आंघोळ करून घ्या."

हे पण बोललो. थांबता आलं नाही. काकांनी फोन ठेवला नाही, शिवी दिली नाही. नुसता श्वास येत होता. शेवटी मीच ठेवला.

आता पहिल्या पत्रात जे लिहायला पाहिजे होतं ते लिहितो. ते कुणाला सांगितलेलं नाही.

मी दहा वर्षांचा होतो. दुकानाबाहेर रुपयाचा डब्बा फोन होता. तुमच्या घरचा नंबर मला पाठ होता, तेवढा एकच होता. शाळा सुटली की मी रुपया टाकायचो आणि काकांना छळायचो. पाणी खातं, लाइट खातं, लॉटरी. रोज नाही, दिवसाआड. काका सॉलिड शिव्या द्यायचे, अख्ख्या आंबिवलीत तशा कुणाला येत नव्हत्या. त्यांना कळलं नाही की मी आहे.

मार्च महिना होता, परीक्षा चालू. रविवार. आजी खाटेवर, दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. दुपारी पप्पांनी मला रुपया दिला. मोबाइल आई औषध आणायला घेऊन गेलेली. पप्पा बोलले, "रतनला फोन लाव. सांग, आई नाव घेतेय, असशील तसा निघ."

मी पळत गेलो. नंबर फिरवला. काकांनी उचलला, नाणं खट करून पडलं. तो आवाज त्यांना ओळखीचा झालेला. मी काकातला 'का' बोललो असेन नसेन, ते ओरडले, "आज रविवारी पण तूच का रे हरामखोरा!" आणि ठेवला.

दुकानदाराकडून अजून एक नाणं घेतलं. परत लावला. एंगेज. त्यांनी रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला. पाच वेळा लावला.

घरी आलो. पप्पा बोलले, "काय बोलला?"

'ठेवला' बोललो असतो तर 'का ठेवला' विचारलं असतं. मी बोललो, "येतो बोलले."

तेवढंच. दोन शब्द.

पप्पांनी आजीच्या कानात सांगितलं, रतन निघालाय. ती पाच वाजेपर्यंत दाराकडे बघत होती. मी पण दाराकडेच बघत होतो. ती गेल्यावर शेजारचा एक जण स्कूटरवर जाऊन काकांना घेऊन आला. नंतरचं तुला माहीत आहे. पप्पा बोलले, दहा वर्षांचं पोर कशाला खोटं बोलेल. काका बोलले, मग मी खोटा?

रूम एक का केली विचारशील तर मला वाटलं, दोघं एका खोलीत राहिले तर बोलतील, आणि हा विषय निघायच्या आत गोडीत येतील. माझं नाव न येता. माझं डोकं एवढंच चालतं.

आता बॅगा उतरवायच्या आहेत.

राज्या


ओकौकुएजो, जंगलात
२१ जुलै

ताई,

हत्ती बघितले. आपल्याकडच्यासारखे काळे नाहीत, पांढरे. इथे मिठागरासारखी पांढरी जमीन आहे, पलीकडचं टोक दिसत नाही. त्या मातीत लोळतात आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पाण्यावर येतात. आम्ही बाकावर बसून बघायचं, मधे एक कुंपण. लिमये मॅडमनी सतरा हत्ती मोजले आणि वहीत लिहिले.

स्वाकोपमुंडवरून इथे यायला अख्खा दिवस लागला. त्या सकाळी काका नाश्त्याला एकटेच आले. मी प्लेट लावत होतो. मला बोलले, "जेवलास का रे तू?" सकाळी साडेसातला. मग त्यांच्या पोह्यातलं खोबरं माझ्या प्लेटमध्ये टाकलं. मला काही कळेना.

सीट बदलत बदलत ते दोघं त्या दिवशी माझ्या पुढच्याच सीटवर आलेले. मी कानात हेडफोन घालून डोळे मिटून बसलो. ही माझी जुनी सवय आहे, हेडफोनमध्ये काही चालू नसतं. लोकांना वाटतं झोपलाय, मग ते बरंच बोलतात.

तासाभराने काका हळू आवाजात बोलले, "दादा."

ताई, चौदा वर्षांनी बोलले ते.

"झोपलाय का बघ."

पप्पांनी मागे वळून बघितलं असणार. मी तोंड थोडं उघडं ठेवलं. बोलले, "झोपलाय."

"मी काल दिवसभर तेच धरून बसलोय. आवाज तोच होता. पाणी खातं, नळाला पाणी, शब्द न् शब्द तोच. त्या दिवशी नाणं पडलं आणि मी ऐकून न घेता ठेवला. रिसीव्हर काढून ठेवला. तोच असणार रे तो. आईचा निरोप घेऊन."

बस खडीवरून जात होती, खाली दगड वाजत होते. मग पप्पा बोलले, "मला बोलला, येतो बोलले. मी आईला तसंच सांगितलं." मग बोलले, "थांब, उठवतो त्याला."

"बस खाली."

"चौदा वर्षं, रतन. चौदा वर्षं मी तुझ्या..."

"दहा वर्षांचा होता तो. घाबरला. आपण दोघं भांडून तरी मोकळे झालो दादा. ते पोर एवढी वर्षं एकटंच घेऊन बसलंय. आता उठवून काय विचारणार? तोंड कुठे लपवेल ते? ह्या बसमध्ये?"

पप्पा बोलले, "म्हणून आपल्याला एका रूममध्ये टाकलं त्याने."

"मला विमानतळावरच कळलं. तुझ्यासारखाच बॅगा मोजायचं नाटक करतो."

"मग आता?"

"आता काही नाही. त्याला कळता कामा नये की आपल्याला कळलंय. घरी काय सांगायचं ते मी बघतो."

पुढे पप्पा रडत होते की काय मला माहीत नाही. मी डोळे उघडले नाहीत. दुपारी जेवायला बस थांबली तेव्हा काकांनी मला हलवून उठवलं. एकदम हळू. बोलले, "ऊठ बाळा, आलं बघ." मी डोळे चोळून दाखवले, कुठे आलो विचारलं.

मी लोकांना फसवायच्या धंद्यात लहानपणापासून आहे. पण मला कुणी एवढं सांभाळून फसवलं नव्हतं.

राज्या


आंबिवली
२७ जुलै

ताई,

आलो. माजिवड्याला बस थांबली, तिथून सगळे आपापल्या रिक्षा करून गेले. लिमये मॅडमनी दोघांचा एकत्र फोटो काढला आणि मला बोलल्या, "असे भाऊ आजकाल बघायला मिळत नाहीत."

आज रविवार. काका-काकू आमच्याकडे जेवायला आलेले. काकू गुडघे धरून तीन मजले चढल्या. आईने दार उघडलं आणि दोघी दारातच रडायला लागल्या, मग आत येऊन मटण तिखट झालंय का ह्यावर बोलत बसल्या. काका आजीच्या फोटोसमोर बराच वेळ उभे होते. मी बघितलं आणि कांदा कापायला गेलो.

जेवताना आईने विचारलं, "एवढं काय झालं तिकडे, मला तरी सांगा. चौदा वर्षं कुणाच्या बापाला जमलं नाही."

पप्पा काकांकडे बघायला लागले. काका भाकरी मोडत बोलले, "काही नाही वहिनी. बसून नीट बोललो तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी फोनची लाइन खराब होती. राज्याने बिचाऱ्याने लावला बरोबर. मी बोलत होतो एक, त्याला ऐकू जात होतं दुसरं. त्याला वाटलं मी येतो बोललो. मला वाटलं राँग नंबर."

"हो," पप्पा बोलले, "पोराची काय चूक."

"पावसात लाइनी जातातच," काका बोलले.

आई बोलली, "पण सासूबाई मार्चमध्ये गेल्या."

पप्पा ताटात बघत होते, मी पाण्याच्या जगकडे.

काका बोलले, "मार्चमध्ये पण कधी कधी पडतो."

"पडतो," पप्पा बोलले. "त्या वर्षी पडलेला."

मी पाणी आणायला उठलो. जग भरलेला होता, तरी उठलो. मोरीत नळ सोडून उभा राहिलो, थोडा वेळ लागला. बाहेर आलो तर काकांनी माझ्या ताटात दोन नळ्या वाढून ठेवलेल्या.

ताई, माझी सगळी पत्रं तुला बहुतेक एकदम मिळतील. आफ्रिकेचं पोस्ट सावकाश चालतं, मिळतील तशी वाच. वाचून तू मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, तुझ्या लग्नाला माझ्या घरातलं कोणी नव्हतं ते माझ्यामुळे, तेवढ्या तर लागतातच. पण पत्राने दे. पत्र मी वाचीन. आणि मग ही सहाच्या सहा फाड. जाळलीस तर उत्तम.

काकू तुला फोन करून सगळं सांगतील. लाइनीचं सांगतील. तू फक्त 'हो का' बोल. काकांना विचारू नकोस. पप्पांना तर अजिबात नको, त्यांना खोटं बोलताना कान लाल होतात, पकडले जातील. तुझ्या नवऱ्याला पण सांगू नकोस, त्याला मी तीन गुलाबजाम दिलेत, तेवढ्यावर गप्प बस म्हणावं. त्या दोघांना वाटतंय मला माहीत नाही. ते तसंच राहू दे. त्या एका गोष्टीवर दोघं एका ताटाला बसलेत. पाया पडतो ताई, कुणाला सांगू नकोस. कुणी विचारलं तर दोन हजार अकराच्या मार्चमध्ये आंबिवलीला पाऊस पडलेला. जोरात.

राज्या